अंगण, पडवी, पायवाट : जयसिंगपूरच्या कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

जयसिंगपूरच्या एका घराच्या अंगणाचं सिमेंटकाम हाती घेतलंय, आज मापं घेतली. पुढची गाडीची जागा २२ बाय १४ फूट. पडवी २० बाय ८. मागच्या दारातून विहिरीकडे जाणारी पायवाट ३० फूट लांब, ४ फूट रुंद. शिवाय तुळशीचा चौथरा, एक बाक आणि परसात पाऊल टाकायला सुटे पायटे.

पुढचा जुना कोबा पार मोडलेला आहे. भेगांचा कागदावर नकाशा काढला, कारण काय बिघडलं ते भेगाच सांगतात. छपराच्या पागोळ्या पडतात त्या बाजूला कोबा वर उचललाय, रस्त्याच्या बाजूला खचलाय आणि मध्ये लांबच लांब चीर गेलीय. खाली काळी माती आहे हे खणायच्या आधीच कळलं. काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून इतकी भेगाळते की चिरेत बोटं जातात. उसाला ती सोन्यासारखी, पण तिच्यावर नुसता टेकवलेला कोबा तिच्यासोबत वरखाली होतो आणि शेवटी तुटतो. रंग, नक्षी, चकाकी यांची बोलणी नंतर. आधी या मातीपर्यंत पाणी पोचू द्यायचं नाही, हे काम.

घरातल्या प्रत्येकाची मागणी वेगळी. मुलगा पुण्याहून स्टॅम्पच्या (ओल्या काँक्रीटवर साचा दाबून नक्षी उठवण्याच्या) कामाचे फोटो पाठवतोय : शहाबादीची नक्षी, लाकडी फळ्यांची नक्षी, विटांची नक्षी. काकांना गाडीखाली चिखल नको आणि पाय घसरायला नको. आजींना पडवी हवी ‘आमच्या माहेरच्यासारखी, लाल आणि गार’. तिघांत सगळ्यात नेमकं आजींनी सांगितलं.

आज कार्तिकी एकादशी. उद्यापासून तुळशीची लग्नं. यंदाचं लग्न जुन्याच वृंदावनापाशी लागणार, असं आजींनी बजावलंय. काम पौर्णिमेनंतर सुरू.

१६ नोव्हेंबर

जुना कोबा फोडायला घेतला. पडवीत मात्र ब्रेकर लावू दिला नाही. वरच्या गुळगुळीत टाइल्सखाली जुन्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्या निघाल्या, आठ इंची, काळा-तांबडा-पांढरा वेल असलेल्या. या फरश्या भट्टीत भाजत नाहीत. पितळी साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटची पातळ लापशी ओततात, साचा काढून पाठीला कोरडा माल भरतात, दाबयंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंग असा पृष्ठभागात काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून वर्षानुवर्षं पाय घासले तरी नक्षी जात नाही. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या भावनेतून अशा फरश्यांचा कारखाना निघाला आणि पुढे कितीतरी घरांत, गिरण्यांच्या कचेऱ्यांत, सिनेमागृहांत त्या पोचल्या. घरातल्या शोभिवंत सिमेंटकामाची आपल्याकडची खरी परंपरा मला यात दिसते.

फरश्या चुन्यात बसवल्या होत्या. चुना मऊ असतो, छिन्नी आडवी घालून हलकेच उचकटलं की फरशी सुटून येते. सिमेंटात बसवल्या असत्या तर निम्म्या फुटल्या असत्या. मिस्त्रींनी स्वतः बसून काढल्या, पोरांना हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत ६२ धड फरश्या मिळाल्या.

१८ नोव्हेंबर

पुढची काळी माती दीड फूट खणून काढली. ओली होती, फावड्याला चिकटत होती. काकांनी विचारलं, ‘वरून चार इंच जास्त काँक्रीट टाकलं तर हा खर्च वाचणार नाही का?’ त्यांना तिथेच खड्ड्यात उतरून मातीचा गोळा करून दाखवला. एक सावलीत ठेवलाय, दुसरा उन्हात. परवापर्यंत उन्हातल्याचं काय होतं ते बघा म्हटलं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. सगळी माणसं आपापल्या गावी. उन्हातला गोळा वाळून चारी बाजूंनी फाटलाय आणि आकारानेही कमी झालाय. काकांनी तो खिडकीत ठेवून दिला आणि खोदाईच्या खर्चाला होकार दिला.

२२ नोव्हेंबर

मुरमाचे दोन ट्रक आले. पहिला परत पाठवला. मुठीत दाबल्यावर त्याचा लाडू होत होता, म्हणजे मातीच जास्त. दुसरा दाणेदार. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, मग प्लेट कॉम्पॅक्टर. कोपऱ्यात यंत्र जात नाही तिथे धुम्मस. तीन थर एकदम टाकून वरून यंत्र फिरवलं तर वरचे चार इंच घट्ट होतात आणि खालचं सगळं भुसभुशीत राहतं. ते दिसत नाही, म्हणून समोर उभं राहून करून घ्यावं लागतं.

ढाळाची दोरी बांधली. गाडीच्या जागेला दर दहा फुटांना दोन इंच उतार, रस्त्याच्या बाजूच्या गटाराकडे. खडबडीत पृष्ठभागावर पाणी रेंगाळतं, म्हणून उतार गुळगुळीत फरशीपेक्षा जास्त लागतो. पडवीला दहा फुटांना एक इंच पुरे. पागोळ्यांखाली पन्हळ बसवून पाणी पाइपातून गटारात नेणार. काकांच्या अंदाजपत्रकात हे नव्हतं, पण त्याशिवाय मी कामाला हात लावणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

२५ नोव्हेंबर

आज नमुन्यांचा दिवस. दोन बाय दोन फुटांचे साचे लावून मागच्या अंगणात तुकडे ओतले.

गाडीच्या जागेसाठी मी खडी उघडी ठेवण्याचं काम सुचवलंय. काँक्रीट ओतून सपाट केलं की त्यावर निवडक खडे हाताने पेरायचे, लाकडी रंध्याने (गवंड्याच्या सपाट फळीने) दाबून सिमेंटच्या मलईखाली बुडवायचे आणि वरचं सिमेंट पुरतं घट्ट होण्याआधी ते धुऊन टाकायचं. खडे तोंड वर करून उघडे पडतात. पाय घसरत नाही, टायरचे डाग उठून दिसत नाहीत आणि रंग खड्याचाच असल्यामुळे कधी उडत नाही. खडे निवडले : अर्धा इंची काळा पाषाण आणि त्यात थोडी पांढरी गारगोटी.

प्रश्न वेळेचा. सिमेंट किती तासांनी धुवायचं? लवकर धुतलं तर खडे निघून येतात, उशीर झाला तर तारेचा ब्रशही काही करू शकत नाही. म्हणून वरच्या थराचं घट्ट होणं लांबवणारं द्रव्य फवारतात. बाजारात तयार मिळतं. मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, गूळ हाय की. कशाला पैसं घालवताय?’ बरोबर आहे त्यांचं. साखर ही सिमेंटची वैरीण. पाण्याशी सिमेंटची जी क्रिया चालते ती साखरेने अडते. सिमेंटच्या वजनाच्या शेकडा पाव भागाएवढीही साखर मिश्रणात गेली तर काँक्रीट दिवसच्या दिवस मऊ राहू शकतं. आपले जुने गवंडी चुन्यात मात्र गूळ मुद्दाम घालत, हिरड्याच्या पाण्याबरोबर, बेलफळाच्या गरासोबत. तो चुना वेगळा, हे सिमेंट वेगळं.

एका तुकड्यावर काही न मारता पाच तासांनी धुतलं, दुसऱ्यावर गुळाचं दाट पाणी फवारलं, तिसऱ्यावर बाजारातलं द्रव्य. शेवटचे दोन प्लास्टिकखाली झाकले.

पडवीसाठी लाल रंगाचे चार छोटे तुकडे, ऑक्साईडचं (रंगाच्या पुडीचं) प्रमाण बदलून. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर केलं. घमेल्याच्या अंदाजाने रंग घातला तर दोन चौकोन कधी सारखे येत नाहीत.

२६ नोव्हेंबर

सकाळी उरलेल्या दोन तुकड्यांची धुलाई. काही न मारलेला तुकडा एका बाजूला छान, दुसऱ्या बाजूला ऊन लवकर आलं म्हणून टणक. गुळाचा तुकडा मधोमध सुंदर उघडला, पण गुळाचं पाणी उतारावरून ओघळून खालच्या कडेला साचलं आणि तिथे खडे अर्ध्याहून जास्त उघडे पडून हाताने निघायला लागले. खड्याचा एक तृतीयांश भाग वर दिसावा, दोन तृतीयांश आत पकडलेला असावा, हा नियम. बाजारातल्या द्रव्याचा तुकडा सगळीकडे सारखा. गाडीच्या जागेला तेच वापरणार. गूळ तुळशीच्या चौथऱ्याच्या पायरीला, जागा सपाट आणि छोटी आहे. मिस्त्री खूश.

धुलाईचं पाणी एका खड्ड्यात घेतलं. हे पाणी कडक क्षारयुक्त असतं, हाताची कातडी सोलते, झाडाच्या मुळाशी गेलं तर झाड जळतं. तुळस आणि जास्वंद इथून चार फुटांवर आहेत. खड्ड्यात तळाशी बसलेला गाळ वाळला की राडारोड्यात जाईल.

लाल तुकडे अजून ओले आहेत, रंग आठवड्याने बघायचा. ओल्या सिमेंटचा रंग नेहमी गडद दिसतो, त्यावर निर्णय घ्यायचा नसतो.

३० नोव्हेंबर

गाडीच्या जागेचे सहा चौकोन पाडलेत, प्रत्येक जवळपास ७ बाय ७ फूट. पाच इंचांच्या काँक्रीटला दहा फुटांपेक्षा लांब सलग तुकडा ठेवला तर तो स्वतःच आपल्या मनाने फुटतो. त्यापेक्षा फूट कुठे पडायची ते आपण ठरवलेलं बरं. चौकोनांमध्ये चार इंची काळ्या घडीव दगडाच्या पट्ट्या बसवल्यात. त्यांच्या वरच्या कडांवर फळी टेकवून लेव्हलही करता येते.

आज एक सोडून एक असे तीन चौकोन ओतले. ग्रेड एम-२५ (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), पोत्याला २२ लिटर पाणी, त्यातून ओल्या वाळूतल्या पाण्याची वजावट. जाळी ८ मिलिमीटरच्या सळईची, आठ इंचांवर. ती ओतताना खाली पडून राहू नये म्हणून सगळीकडे कव्हर ब्लॉक (जाळी उचलून धरणारे ठोकळे) दिले. कितीतरी ठिकाणी जाळी प्लास्टिकवर नुसती पसरतात आणि ‘ओतताना वर ओढू’ म्हणतात. कुणी ओढत नाही. तळाशी पडलेल्या जाळीचा वरच्या भेगेला काही उपयोग नाही. गेटजवळ पाण्याच्या चेंबरच्या चारही कोपऱ्यांना तिरप्या सळया वेगळ्या दिल्या, कारण चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून भेग निघायला बघतेच.

मिक्सरवरचा पोरगा पाण्याचा पाइप हातात धरूनच उभा असतो. माल घट्ट वाटला की सोडलं पाणी. त्याला बादलीवर खुणा करून दिल्या आणि पाइप काढून घेतला. पोत्यामागे चार-पाच लिटर पाणी जास्त गेलं तरी ताकद घसरते, पृष्ठभाग पुढे धूळ सोडतो आणि वाळताना आक्रसणं वाढतं. मालाला मऊपणा हवा असेल तर त्यासाठी प्लास्टिसायझर आहे.

चारच्या सुमारास खडे पेरले. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, गारगोटी कुठे कमी पडली ते सांगत होत्या. त्यांची नजर पक्की आहे.

१ डिसेंबर

तिन्ही चौकोन धुतले. एकसारखे आले. लगेच ओलं गोणपाट टाकलं. इथे खड्यांचा रंग आहे म्हणून गोणपाट चालतं. रंगीत सिमेंटवर तागाचे पिवळट डाग पडतात, तिथे ते टाकायचं नाही.

३ डिसेंबर

पुदुच्चेरीजवळ धडकलेल्या फेंगल वादळाचे ढग इथवर आलेत. ओतकाम बंद. पन्हळीचं काम उरकून घेतलं.

६ डिसेंबर

उरलेले तीन चौकोन ओतले. आधीच्या चौकोनांच्या कडांना प्लास्टिक लावून झाकलं, नाहीतर नव्याचे शिंतोडे जुन्यावर. सिमेंट त्याच कंपनीचं, त्याच ग्रेडचं, त्याच आठवड्याच्या तारखेचं. सुरुवातीलाच सगळी पोती एकदम आणून पत्र्याखाली फळ्यांवर रचली होती, ती याचसाठी. राख मिसळलेल्या सिमेंटचा राखाडीपणा दर खेपेला थोडा बदलतो आणि उघड्या कामात तो दिसतो.

९ डिसेंबर

लाल तुकडे वाळले. आता खरा रंग दिसतोय. मिस्त्रींचं म्हणणं, ‘एका पोत्याला पाच किलो टाकल्याबिगर लाल येत न्हाई.’ ५० किलोच्या पोत्याला ५ किलो म्हणजे दहा टक्के, ही रंगाची शेवटची मर्यादा. तुकडे शेजारी ठेवून दाखवले : तीन किलोच्या आणि पाच किलोच्या तुकड्यात डोळ्याला फरक कळत नाही. एका पातळीनंतर रंग वाढवला तरी गडदपणा वाढत नाही, उलट ती बारीक पूड पाणी मागते आणि पृष्ठभाग कमजोर होतो. मिस्त्रींनी दोन्ही तुकडे खिळ्याने ओरखडून पाहिले. पाच किलोच्या तुकड्यावर चरा खोल गेला. ते स्वतःच म्हणाले, ‘तीनच करू.’

ऑक्साईड लोहाचाच घ्यायचा. लाल, पिवळा, काळा, हे तिन्ही रंग लोहाच्या ऑक्साईडमध्ये मिळतात आणि ते उन्हाला आणि सिमेंटच्या क्षाराला दाद देत नाहीत. सिमेंटचा क्षार न सोसणारे रंग पहिल्याच वर्षी विटतात. काजळीचा काळा बाहेर वापरला तर पावसाने हळूहळू धुपत जातो.

पडवीचा हिशोब आज जुळला आणि मला मनापासून आनंद झाला. वीस फूट लांबीला आठ इंची फरश्या बरोबर ३० लागतात. पुढच्या कडेला एक ओळ, भिंतीलगत एक ओळ, मिळून ६०. आपल्याकडे ६२ आहेत. दोन ओळींनंतर मध्ये उरते ६ फूट ८ इंच रुंदी. त्यात ३ फूट ४ इंचांचे चौकोन दोन ओळींत सहा-सहा, बरोबर बारा बसतात. एकही तुकडा कापायचा नाही. ज्या कुणी ही पडवी पहिल्यांदा आखली, त्याने फरशीच्या मापानेच आखली असणार.

१२ डिसेंबर

पडवी. पहाटेच सुरुवात केली, कारण हे एका दिवसातच व्हायला हवं.

चौकोनांना ४ मिलिमीटरच्या काचेच्या पट्ट्या लावल्या. खालचा दीड इंचाचा थर एक-दोन-चारचा (सिमेंट, वाळू, खडी), बारीक खडीचा. तो आवळला पण अजून ओला आहे, तेव्हाच त्यावर लाल थर, ८ मिलिमीटरचा, सिमेंट आणि गाळलेली बारीक कच (दगडाचा चुरा) समसमान. दोन्ही थर एकमेकांत मुरले पाहिजेत. खालचा थर आज आणि लाल थर चार दिवसांनी असं केलं की मध्ये सांधा राहतो, वर्षभरात लाल पापुद्रा सुटतो आणि काठीने ठोकलं की भदभद वाजतो. दोन पोती सिमेंट, सहा किलो रंग. रंग आणि सिमेंट कोरडंच चाळणीतून तीनदा काढलं, तेव्हा कुठे पांढरट गुठळ्या गेल्या.

मग वाट पाहणं. ओतल्यावर काँक्रीटमधलं पाणी वर येतं आणि तकाकी येते. ते पाणी वर असताना थापी फिरवली तर ते पृष्ठभागाच्या आतच अडकतं. घाई असली की गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरतात, पाणी शोषून जातं, लगेच घोटता येतं, दिसायलाही गुळगुळीत. सहा महिन्यांनी तोच थर पिठासारखा निघतो. मिस्त्रींना आधीच सांगितलं होतं की कोरडी भुकटी एक मूठभरसुद्धा नाही. ते पडवीच्या पायरीवर बसून राहिले. दर थोड्या वेळाने बोट टेकवत, पुन्हा बसत.

पहिला हात लाकडी रंध्याचा. तासाभराने पोलादी थापी, जवळपास सपाट धरून. मग पुन्हा थापी, थोडी कड उचलून आणि अंगाचा जोर देऊन. तिसऱ्या हाताला थापीचा आवाज बदलतो, खरखर जाऊन घंटेसारखा बारीक नाद येतो. तो आला की तो चौकोन झाला. दिवे लावून रात्री उशिरापर्यंत काम चाललं. आजी दोनदा चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यावरूनच बघत राहिल्या.

अशा घोटलेल्या लाल कोब्याला एवढी शिस्त लागते म्हणूनच तो घराघरांतून नाहीसा झाला, असं मला वाटतं. साहित्य स्वस्त, पण दिवसभर थांबून राहणारा कारागीर लागतो. टाइल्सला तो लागत नाही.

१३ डिसेंबर

पडवीत कडेने मातीचे बांध घालून वाफे केले, दोन इंच पाणी साठवलं. पाणी नगरपालिकेचं, विहिरीचं नाही. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न मोठा आहे आणि या विहिरीचं पाणी चवीलाही मचूळ. ते पाणी मिश्रणात किंवा मुरवायला वापरलं तर लाल रंगावर लोणा फुटणार. वाफे निदान दहा दिवस ओले राहणार. राख मिसळलेल्या सिमेंटला सात दिवस पुरत नाहीत, त्याची ताकद सावकाश येते.

१८ डिसेंबर

पायवाट. मुलाशी व्हिडिओवर बोलणं झालं होतं. त्याला शहाबादीची नक्षी हवी होती. मी त्याला एवढंच विचारलं की शहाबाद इथून एका रात्रीच्या ट्रकवर आहे, खरी फरशी या कामापेक्षा स्वस्त पडते, मग खोटी कशाला? लाकडी फळ्यांच्या नक्षीलाही माझा विरोध होता. परसात लाकूड चार पावसाळ्यांत कुजतं हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे, तिथे न कुजणारं लाकूड पाहून डोळ्याला चुकल्यासारखं वाटतं. सिमेंटचं काम सिमेंटचं दिसावं. शेवटी खडकाच्या पृष्ठभागाचा सलग पोत ठरला, खोटे सांधे नसलेला. खरे सांधे आम्ही दर पाच फुटांवर सरळ कापणार.

ही पद्धत अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात ब्रॅड बोमन यांनी ओल्या काँक्रीटवर साचे दाबायला सुरुवात केली. त्यांचे साचे धातूचे होते, आता पॉलियुरेथेन रबराच्या चटया आल्यात आणि पोत खऱ्या दगडावरून उचललेला असतो.

चार इंच काँक्रीट, त्यावर रंगीत हार्डनर (पृष्ठभाग टणक करणारी भुकटी) हाताने भुरभुरून, चौरस मीटरला तीन किलो, दोन खेपांत. आधी दोन तृतीयांश, ते ओलं झालं की रंध्याने आत मुरवायचं, मग उरलेलं. पडवीत कोरडी भुकटी मारू दिली नाही आणि इथे मारतोय, यावर मिस्त्रींनी मला बरोबर पकडलं. फरक असा की तिथे ती वर आलेलं पाणी लपवायला मारतात. इथे पाणी उडून गेल्यावर मारतो, त्यात दळलेली कठीण खडी असते आणि ती पूर्ण ओली होऊन आत घोटली जाते.

मग रिलीज पावडर, म्हणजे चटई चिकटत नाही, आणि खळग्यांत राहिलेल्या पावडरीमुळे गडद छटा येते. अंगठा दाबला की पाव इंच रुतावा आणि अंगठ्याला काही लागू नये, ती वेळ. डिसेंबरच्या गारव्यात ती सावकाश येते, पण आली की टिकत नाही. सावलीतला चिंचेखालचा भाग मऊ होता तेव्हाच उन्हातला तयार झाला. म्हणून उन्हाच्या टोकाकडून सुरुवात केली. दोघं चटयांवर, एक कडेला धुम्मस घेऊन, एक भिंतीजवळच्या कडा हाताने उठवायला. चटई प्रत्येक वेळी थोडी फिरवून टाकली, नाहीतर तोच खळगा पुन्हा पुन्हा दिसतो.

२१ डिसेंबर

पायवाटेवरची पावडर हलक्या पाण्याने धुतली. सगळी नाही, खळग्यांतली ठेवली. राखाडी-तपकिरी रंग. सांधे एक इंच खोल कापून घेतले आहेत.

२६ डिसेंबर

बाक उलटा ओतला, फिल्म लावलेल्या प्लायच्या साच्यात, म्हणजे बसायची बाजू तळाला आणि गुळगुळीत. कडांना तिरप्या पट्ट्या, धारदार कोपरा राहिला तर पहिल्याच महिन्यात टवका उडतो. साच्याला जळकं इंजिन ऑईल लावायची सवय असते, त्याचे काळे डाग राहतात. स्वच्छ शटरिंग ऑईल आणलं आणि फडक्याने पुसून घेतलं. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, साडेतीन इंच जाड. वजन पावणेदोनशे किलोंच्या आसपास भरेल, म्हणून पायांच्या शेजारीच ओतलाय.

पायटे आजींबरोबर केले. वाळूचा उथळ ढीग, त्यावर अळूचं मोठं पान, शिरांची बाजू वर. त्यावर बारीक कच आणि सिमेंटचा माल दीड-दोन इंच, मध्ये जाळीचा तुकडा. दोन दिवसांनी उलटं करून पान सोलून काढायचं. प्रत्येक शीर उमटते. आजींनी कर्दळीचंही पान करून पाहिलं. माल थापण्याचा त्यांचा हात इतका सफाईदार की मिस्त्री बघत राहिले.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तिळगूळ घ्यायला गेलो आणि पडवी बघून आलो. वाफे काढून तीन आठवडे झालेत. पूर्वेच्या कोपऱ्यात पांढरी झाक आलीय. आजींना काळजी. खरवडून थोडी पूड बशीत घेतली. पाणी टाकलं, विरघळली नाही. लिंबू पिळलं, फसफसली. म्हणजे मीठ नाही, चुनाच. सिमेंटमधला मोकळा चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी मिळून पांढरा होतो. तो दरवेळी कमी होत जातो. ओल्या मऊ फडक्याने घासून पुसायचा, बस. ॲसिडची बाटली आणायची नाही, असं घरच्या सगळ्यांना सांगितलं. ॲसिडने पांढरेपणा जाईल, पण त्याबरोबर घोटलेली वरची कातडीही जाईल आणि मग कोबा कायम डाग पीत राहील.

२३ जानेवारी

सीलर (वरचा संरक्षक लेप) मारायच्या आधी पायवाटेवर रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला होता. सकाळी खाली थेंब नाहीत, रंगही गडद झालेला नाही. वाळलंय. पायवाटेला ॲक्रिलिकचे दोन पातळ हात, दुसऱ्या हातात घसरू नये म्हणून बारीक रवाळ पूड मिसळली. गाडीच्या जागेला आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेनचा हात दिला. तो चकाकत नाही, फक्त पाणी आत जाऊ देत नाही, आणि मला तिथे चकाकी नकोच होती. पडवीला सीलर नाही. मेणाचा पातळ हात आणि मऊ फडकं. पुढचं रोजच्या पुसण्याने आणि वावरण्याने होईल.

२७ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. भर पावसात जाऊन पाहिलं, हे काम बघायची वेळ तीच. पन्हळीचं पाणी पाइपातून सरळ गटारात जातंय. गाडीच्या जागेवर कुठे डबकं नाही, फक्त दगडी पट्टीच्या एका सांध्याशी थोडं थबकतं. पायवाट ओली असूनही पायाला पकड आहे. पडवीतली पांढरी झाक गेलीय आणि लाल रंग जानेवारीपेक्षा खोल झालाय.

पाण्याच्या चेंबरच्या एका कोपऱ्यातून केसाएवढी भेग निघालीय, जेमतेम सहा इंच लांब. तिरप्या सळईपाशी थांबलेली दिसते. तिच्या टोकाला पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. काकांनी विचारलं, आत्ताच भरून टाकायची का? नाही म्हटलं. माती अजून ओली होतेय, भेग हलत असेल तर भरलेलं निघून येईल. दिवाळीनंतर पुन्हा मोजू. रेघेपुढे गेली नसेल तर तशीच ठेवायची, गेली असेल तर पातळ इपॉक्सी भरून वर खड्यांचीच पूड दाबायची.